गृहदुरुस्तीच्या धंद्यातील बंधूंनी आपला संघ का धरावा

(ज्युबिली वर्षात, १ मे रोजी, श्रमिक संत योसेफ ह्यांच्या सणाच्या सायंकाळी, धर्मग्रामातील सुतार, गवंडी, रंगारी, नळजोडणीवाले, वीजकामवाले व छोटे ठेकेदार ह्यांच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त ह्या वर्षी अनेक सभा भरल्या. तरुणांची झाली, मातांची झाली, वृद्धांचीही झाली. तथापि ज्यांच्या हातांनी ह्या उपनगरातील घरे राहण्याजोगी राहतात, त्या आपल्या कारागीर बंधूंची सभा आजवर एकदाही भरली नव्हती, ही गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली, व तिचा दोष माझ्याकडेच आहे. आजचा दिवस त्या कामी फार योग्य आहे. परमगुरुस्वामी बारावे पायस ह्यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ ह्यांचा सण म्हणून नेमून दिला. ज्या संताने नाझरेथमध्ये आपल्या हातच्या कामावर पवित्र कुटुंब पोसले, त्याच्या सणाच्या दिवशी हातच्या कामाविषयी बोलणे म्हणजे मंदिराबाहेरचा विषय मंदिरात आणणे नव्हे.

माझा विषय एकच आहे. घरांची दुरुस्ती व फेरबदल करणाऱ्या आपल्या मंडळींनी एकएकटे न राहता आपल्या धंद्याच्या संघात सामील व्हावे की नाही, आणि व्हावे तर कोणत्या अटींवर? मी धंदेवाईक नाही. ओळंबा हातात धरण्याचे शिक्षण मला सेमिनरीत मिळाले नाही. परंतु तुमच्या घरी येणाऱ्या सुखदुःखांचा मी पुष्कळ वर्षे साक्षी आहे, आणि त्या अनुभवाच्या आधारावरच चार शब्द बोलणार आहे.

प्रथम आपल्या धंद्याची स्थिती पाहू. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कोणत्याही बाजूला जा. सकाळी सात वाजता एखाद्या नाक्यावर माणसे उभी दिसतात. कोणाच्या पिशवीत थापी, कोणाच्या करवत, कोणाच्या हातात रंगाचा ब्रश. कोणी येऊन हाक मारील आणि आजचा दिवस साजरा होईल, ह्या आशेने ती उभी असतात. शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याचा जो दाखला प्रभूने दिला, तो ह्या नाक्यावर उभे राहिल्यावाचून नीट समजत नाही असे मला वाटते. दिवस मावळावयास एक तास उरला असताही काही माणसे बाजारात रिकामी उभी होती, ती आळसाने नव्हे. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. प्रभूने त्यांना दोष दिलेला नाही.

नाक्यावरील माणसाहून आपला छोटा ठेकेदार एक पायरी वर असतो, पण तो त्याच्याइतकाच एकटा असतो. त्याचे कार्यालय म्हणजे त्याच्या खिशातील फोन, त्याची कीर्ती म्हणजे मागच्या गिऱ्हाइकाचा शब्द, आणि त्याचा विमा म्हणजे त्याच्या बायकोचे मंगळसूत्र. तो परांचीवरून पडला की धंदा पडतो. गिऱ्हाइकाने शेवटचा हप्ता बुडविला की त्याला दाद मागावयास जागा नसते, आणि त्याने काम बिघडविले तर गिऱ्हाइकासही नसते.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, परंतु तिच्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना तेथील सभागृहाच्या गच्चीतून पाणी गळू लागले. दोघांकडून अंदाजपत्रके आली. एक होते धर्मग्रामातल्याच एका सज्जन कारागिराचे. त्यात जुना थर फोडण्यापासून विटांच्या तुकड्यांचा कोबा, पाण्याचा उतार, आणि शेवटी गच्चीवर सात दिवस पाणी साठवून घ्यावयाची परीक्षा, असे प्रत्येक काम व त्याचा खर्च वेगळा लिहिला होता. दुसरे अंदाजपत्रक एका ओळीचे होते, आणि त्याची रक्कम पहिल्याच्या दोनतृतीयांशाहूनही कमी होती. मी पहिल्यास बोलावून म्हटले, "बाबा, देवाच्या घरचे काम आहे, काही तरी कमी कर." तो म्हणाला, "फादर, कमी करीन तर काम कमी करावे लागेल." मला ते उत्तर उद्धट वाटले. मी दुसऱ्यास काम दिले आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली.

पहिल्याच पावसात पाणी पुन्हा आले. ठेकेदाराचा फोन लागेना. मी त्याला मनातल्या मनात चोर म्हटले. पुढे दीड वर्षाने तो माणूस अकस्मात मला स्टेशनाजवळ भेटला, आणि तोंड न चुकविता त्याने सर्व सांगितले. त्याच्या आधीच्या कामावर एका घरमालकाने त्याची मोठी रक्कम बुडविली होती. मजूर दारात बसले होते. माझ्याकडून घेतलेल्या आगाऊ रकमेतून त्याने त्यांची मजुरी भागविली, आणि माझ्या गच्चीसाठी जे उरले त्यातून जेवढे होईल तेवढे केले. आणि पहिला कारागीर? अशी दोनचार कामे हातची गेल्यावर त्याने हत्यारे विकली व तो भाड्याची गाडी चालवू लागला. तीस वर्षांची विद्या त्याच्या हातातल्या हातात वाळून गेली. त्याला धंद्यातून घालविणाऱ्यांत त्याचा धर्मगुरूही होता.

ह्या गोष्टीत खरा खलपुरुष कोण, हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. तिघेही एकटे होतो, हेच मला तिचे मूळ दिसते. संघ असता तर मला तक्रार घेऊन जावयास एक दार असते. त्या दुसऱ्या ठेकेदाराला बुडालेल्या पैशांसाठी चार जाणत्या माणसांचे पाठबळ मिळाले असते, आणि एकाचे देणे दुसऱ्याच्या पैशाने फेडण्याचा पापमय प्रसंग त्याच्यावर आला नसता. आणि त्या सज्जनाचे अंदाजपत्रक मोठे का आहे हे मला समजावून सांगणारा, त्याच्याहून तिऱ्हाईत असा कोणी तरी असता. वास्तविक बुरूज बांधावयास निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला प्रभूनेच दिलेला आहे. तो मी कित्येकदा वेदीवरून समजावून सांगितला होता. स्वतःवर प्रसंग येताच मात्र विसरलो.

माझ्या गच्चीतून केवळ पाणी आले. ह्याहून भयंकर गोष्टी आपल्या उपनगरात घडल्या आहेत. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातील सिद्धी साई ही इमारत सकाळच्या वेळी कोसळली आणि १७ जीव गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलाच्या कामात इमारतीच्या आधारस्तंभांना धक्का लावला गेला, असा आरोप त्या प्रकरणी झाला. न्यायनिवाडा करणे हे माझे काम नव्हे. पण मी एवढेच विचारतो: अशा प्रसंगी घणाचा घाव घालणारा हात कोणाचा असतो? तो आपल्यासारख्याच एखाद्या मजुराचा असतो. मालक म्हणतो, "हा खांब मध्ये येतो, काढून टाक." एकटा माणूस उद्याच्या मजुरीकडे पाहतो आणि घण उचलतो. त्याने नाही म्हटले तर नाक्यावर दुसरा उभाच असतो. परंतु ज्याच्या मागे संघ आहे, ज्या संघाचा नियमच असा आहे की बांधकाम अभियंत्याच्या लेखी सल्ल्यावाचून व महापालिकेच्या परवानगीवाचून खांबाला, तुळईला किंवा भार वाहणाऱ्या भिंतीला आमचा कोणीही सभासद हात लावणार नाही, त्याला नाही म्हणणे सोपे जाते. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी करून घेण्याचे बंधन महापालिकेच्या कायद्यात आहे, आणि अशा जुन्या इमारती आपल्या भोवती किती आहेत हे आपण जाणताच. म्हणून नाही म्हणण्याचे बळ मिळणे, हा संघाचा पहिला लाभ मी मानतो. पैशाचा लाभ मागाहून.

कोणी म्हणेल, संघ ही परदेशी कल्पना आहे. तसे नाही. नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात ह्याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रादिकांसाठी त्याने ३००० कार्षापण ठेव म्हणून दिले. ते त्याने कोणाजवळ ठेवले? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींजवळ; २००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. राजाच्या जावयाने विणकरांवर एवढा विश्वास का टाकावा? कारण विणकर मरतो, श्रेणी मरत नाही. जुन्नरच्या लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींची नावे येतात. बोरिवलीजवळच्या कान्हेरीस तर कल्याणच्या सोनाराचे व लोहाराचे दान कोरलेले आहे. हातच्या कामावर जगणारा माणूस ह्या भूमीत एके काळी असा मानाने उभा होता.

अलीकडच्या काळाकडे येऊ. आज आपण रविवारी निश्चिंतपणे मिस्साबलिदानास येतो. मुंबईच्या गिरणीकामगारांना ही रविवारची सुटी कोणी मिळवून दिली? ठाण्यास जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी. ते ख्रिस्ती नव्हते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे होते. त्यांनी १८८४ पासून कामगारांस एकत्र केले, मंडळ उभारले, अर्जांमागून अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी ती सुटी मान्य झाली. त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते तोच, १५ मे १८९१ रोजी, परमगुरुस्वामी तेरावे लिओ ह्यांनी रेरुम नोव्हारुम हे आपले परिपत्रक प्रसिद्ध केले. माणसांनी धंद्यापुरते एकत्र येणे हा त्यांचा स्वाभाविक हक्क आहे, आणि राज्याने त्याचे रक्षण करावयाचे, नाश नव्हे, असे त्यांनी त्यात शिकविले. एकाने परळच्या गिरण्यांकडे पाहून जे केले, तेच दुसऱ्याने रोमहून सांगितले.

धर्मगुरूंनी ह्या कामात पडावे काय, असेही कोणाच्या मनात येईल. जर्मनीत आडोल्फ कोल्पिंग नावाचे धर्मगुरू होऊन गेले. पूर्वायुष्यात ते जोडे शिवीत. घरापासून दूर, गावोगाव काम शोधीत फिरणाऱ्या तरुण कारागिरांसाठी त्यांनी १८४९ साली कोलोन येथे मंडळ काढले. आपल्या जवळचेच उदाहरण हवे असेल तर वसईचे मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस ह्यांचे घ्या. १९१८ साली त्यांनी बसीन कॅथॉलिक सहकारी संस्थेचा पाया घातला. सावकाराच्या दारी एकटा जाणारा शेतकरी तेव्हापासून चारचौघांच्या आधाराने उभा राहू लागला. आणि आपल्या ईस्ट इंडियन समाजाने तर १८८७ सालीच आपली संस्था काढली होती. एकत्र येणे हे आपल्या रक्तात आहे. फक्त आपल्या धंद्यात ते अद्याप उतरलेले नाही.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. ज्यांचा कारभार वाढला आहे, ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांना १९४१ साली स्थापन झालेली बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही ठेकेदारांची अखिल भारतीय संस्था आहे, आणि तिचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. नळजोडणीच्या धंद्याची इंडियन प्लंबिंग असोसिएशन १९९३ पासून आहे. ज्यांना ह्या संस्था आपल्या मानाने फार मोठ्या वाटतात, त्यांनी आपले लहान मंडळ काढावे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे त्यास सात माणसे पुरतात. आज ह्या सभागृहात किती तरी साते बसली आहेत!

मजुरीवर काम करणाऱ्या बंधूंसाठी राज्याचे इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. ते १९९६ च्या कायद्यान्वये निर्माण झाले, आणि पुढे तो विषय नव्या श्रमसंहितांत घेण्यात आला. बांधकाम म्हणजे केवळ नवे बांधणे नव्हे. दुरुस्ती व फेरबदल हेही बांधकामच, हे १९९६ च्या त्या कायद्याने तेव्हाच स्पष्ट केले होते. वय १८ ते ६० असावे, आणि मागील वर्षात ९० दिवस काम केलेले असावे. परंतु त्या ९० दिवसांचा दाखला द्यावयाचा कोणी? पुष्कळदा तो आपल्यातल्याच ठेकेदाराने द्यावयाचा असतो. "उगाच सही कशाला करू?" असे म्हणून जो टाळतो, तो आपल्या भावाच्या मुलांची शिष्यवृत्ती व म्हातारपणचा आधार अडवून धरतो. मजुराची अडविलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. अडविलेल्या सहीविषयीही तेच समजावे.

आक्षेप पुष्कळ आहेत. वर्गणी परवडत नाही, असे कोणी म्हणतात. एक बुडालेला हप्ता किती वर्षांच्या वर्गणीएवढा होतो, ह्याचा हिशेब त्यांनी करावा. दुसरे म्हणतात, मोठे लोक आमचे ऐकणार नाहीत. हे खरे असू शकेल. म्हणून तर एकट्याने न जाता दहा जणांनी मिळून सभासद व्हावे. तिसरे, आणि हे मोठ्याने कोणी बोलत नाही, त्यांना भीती वाटते की संघात गेलो तर माझे काम दुसरे पाहतील. बंधूंनो, जाण्याचे खरे कारण तेच आहे. गवंडी कितीही अनुभवी असो, आपणच उभारलेली भिंत सरळ आहे की नाही हे तो डोळ्यांनी ठरवीत नाही; ओळंबा सोडतो. डोळा आपल्या हाताला सांभाळून घेतो, ओळंबा घेत नाही. चांगला संघ हा सभासदांच्या कामाला सोडलेला ओळंबा असला पाहिजे.

चांगला संघ, असे मी मुद्दाम म्हणतो. वर्गणी घेऊन प्रमाणपत्राची चौकट देणारी मंडळेही निघतात. म्हणून आत जाण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्या. नोंदणी आहे काय? हिशेब दर वर्षी तपासून सभेपुढे ठेवतात काय? निवडणूक होते काय? गिऱ्हाइकाची तक्रार आल्यास ती ऐकून सभासदास शासन करण्याचा नियम आहे काय? आणि तरुणांना काम शिकविण्याची सोय आहे काय? ह्यांपैकी चौथ्या प्रश्नाला जेथे उत्तर नाही, तेथे बाकीच्यांना फारसा अर्थ नाही. तसेच संघ करून सर्वांनी मिळून भाव बांधावयाचे आणि गरीब गिऱ्हाइकास कोंडीत पकडावयाचे, हा मार्ग नव्हे. २००२ च्या स्पर्धा कायद्याने अशा संगनमतास मनाई केली आहे, आणि आपल्या विवेकबुद्धीने तर त्याआधीच केलेली आहे.

आणखी एक. हा संघ केवळ ख्रिस्ती लोकांचा नसावा. आपल्या कामावर लादी बसविणारा राजस्थानचा असतो, सुतार उत्तरेकडचा, रंगारी कोकणातला. कोणी हिंदू, कोणी मुसलमान. परांचीचा दोर तुटताना धर्म विचारीत नाही. संत पौल करिंथ शहरी आले तेव्हा ते अक्विला व प्रिस्किल्ला ह्या दांपत्याच्या घरी राहिले. तिघांचाही धंदा तंबू शिवण्याचा, हे त्याचे कारण पवित्र शास्त्रात नमूद आहे. धंद्याची सोयरीक ही देखील देवाने दिलेली सोयरीक आहे.

आता समारोप करतो. मागच्या बाजूस मेजावर एक वही ठेवली आहे. ती धर्मग्रामाची नव्हे, तुमची आहे. तिचा अध्यक्ष मी होणार नाही. ज्यांना विचार करावयास पुन्हा एकत्र बसावयाचे आहे, त्यांनी आपले नाव व धंदा त्यात लिहावा. माझ्याकडून मी एक वचन देतो. ह्यापुढे ह्या धर्मग्रामाच्या कोणत्याही दुरुस्तीचे काम केवळ रक्कम लहान म्हणून कोणास दिले जाणार नाही. प्रत्येक कामाचा खर्च वेगळा लिहिलेला असेल, पैसे कामाच्या टप्प्यांनी दिले जातील, आणि शेवटचा हप्ता काम तपासून होताच, एक दिवसही न थांबविता, हाती पडेल. हाच नियम आपल्या घरीही पाळावा, अशी येथे बसलेल्या गृहस्थांस व गृहिणींस माझी विनंती आहे. कारण कारागीर एकटा पडतो तो पुष्कळदा आपल्या घासाघिशीमुळेच.

ज्याने आपली हत्यारे विकली, त्या बंधूची मी रोज मिस्सामध्ये आठवण करतो. त्याच्यासारखा दुसरा कोणी ह्या धर्मग्रामात होऊ नये, एवढे जरी आजच्या सभेने साधले तरी आपली ज्युबिली सार्थकी लागली असे मी समजेन. संत योसेफ तुमच्या हातांना, हत्यारांना आणि परांचीच्या प्रत्येक दोराला सांभाळो, आणि देवपिता तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो.